प्रतिकृति-विमानास धातूची कांति कशी द्यावी?

रंगांच्या दुकानांत "चंदेरी" या नांवाची बाटली मिळते. विमानांच्या लहान प्रतिकृति जोडण्याचा ज्या विद्यार्थ्यांस नाद आहे, ते बहुधा तीच बाटली आणून आपलें जेट विमान रंगवितात, आणि रंग वाळल्यावर त्यांचा हिरमोड होतो. विमान धातूचें न दिसतां, खेळण्यावर चंदेरी रंग फांसल्याप्रमाणें दिसूं लागतें. सांध्यांच्या रेघा, काचकागदाचे ओरखडे, बोटांचे ठसे, जें जें झांकावें म्हणून रंग दिला, तें तें सर्व अधिकच उठून दिसतें. मग दोष बाटलीचा कीं हाताचा, असा प्रश्न पडतो. आमच्या मतें दोष मूळ कल्पनेंतच आहे. तांबडें फूल तांबडें दिसतें, कारण प्रकाशांतील तांबडा भाग तें परत पाठवितें. घांसलेला अल्युमिनियमचा पत्रा मात्र त्याच्यापुढें जें असेल तेंच परत दाखवितो. वरून आकाश असेल तर तो निळसर दिसतो, खालीं माती असेल तर मातकट दिसतो, आणि सायंकाळीं तोच पत्रा केशरी होतो. तात्पर्य, धातूची कांति हा पृष्ठभागाचा गुण आहे, आणि जो पृष्ठभाग सर्व कांहीं दाखवितो तो आपले स्वतःचे दोषही दाखविल्यावांचून राहत नाहीं. प्रस्तुत लेखांतील सर्व सूचना या एकाच गोष्टींतून निघतात.

ज्यांनीं कल्हईवाल्याचें काम लक्षपूर्वक पाहिलें आहे, त्यांस हें समजावयास वेळ लागणार नाहीं. कल्हईवाला प्रथम भांडें घांसून त्यावरील मळ व जुने डाग काढून टाकतो. मग तें भट्टीवर तापवितो, नवसागर टाकून पुसतो, आणि सर्वांत शेवटीं कथील लावून कापसाच्या बोळ्यानें झरझर फिरवितो. पाहणारास वाटतें कीं, सारी करामत त्या शेवटच्या फिरवण्यांत आहे. वस्तुतः भांडें स्वच्छ नसेल तर कथील त्यास धरीतच नाहीं. प्रतिकृतीच्या कामाचेंही असेंच आहे. त्यांत रुपयापैकीं चौदा आणे काम पूर्वतयारीचें असून रंगाचें काम अवघें दोन आण्यांचें आहे.

उघड्या धातूचीं विमानें

विमानें बिनरंगाचीं कां ठेवीत, हें आधीं जाणून घेतलें पाहिजे. शुद्ध अल्युमिनियम हलका खरा, परंतु तो मऊ असल्यामुळें त्याचें विमान होत नाहीं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आल्फ्रेड विल्म या जर्मन धातुशास्त्रज्ञास एक चमत्कारिक गोष्ट आढळून आली. अल्युमिनियममध्यें सुमारें ४ टक्के तांबें व थोडें मॅग्नेशियम मिसळून तो मिश्रधातु तापवावा व एकदम थंड करावा, तर तो त्याच क्षणीं कठीण होत नाहीं. स्वस्थ ठेविला असतां पुढील कांहीं दिवसांत तो आपोआप कठीण होत जातो. हाच ड्युराल्युमिन होय. यापासून विमानें बनूं लागलीं; पण तांब्याच्या मिश्रणामुळें हा धातु दमट व खाऱ्या हवेंत लवकर खराब होतो, अशी अडचण आली. तिच्यावर उपाय म्हणून ड्युराल्युमिनच्या पत्र्यावर दोन्ही बाजूंनीं शुद्ध अल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसविण्यांत येऊं लागला. हा थर प्रत्येक बाजूस पत्र्याच्या जाडीच्या ५ टक्के किंवा त्याहूनही कमी असतो. अशा पत्र्यास अल्क्लॅड असें नांव आहे. शुद्ध अल्युमिनियमवर हवेच्या संयोगानें ऑक्साइडचा पडदा येतो. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील अवघ्या दोन-चार भागांइतकी त्याची जाडी, तरी तेवढा पडदा खालच्या धातूचें रक्षण करितो. म्हणजे रंग नसला तरी असें विमान निराधार नसे. त्याचें कवच त्याच्या अंगचेंच असे.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ च्या आरंभापासून, अमेरिकन सेनेनें आपलीं बहुतेक नवीं लढाऊ विमानें बिनरंगाचींच ठेवण्यास सुरुवात केली. रंगाचें वजन वांचलें, मजुरी वांचली, आणि वेगासही थोडी मदत झाली. पुढें १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धांत एका बाजूचें सेबर व दुसऱ्या बाजूचें मिग-१५ हीं दोन्ही जेट विमानें बहुधा उघड्या धातूचींच दिसत.

आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर मिग-२१ हेंच उदाहरण घ्यावें. ध्वनीहून अधिक वेगानें जाणारें भारतीय हवाई दलाचें हें पहिलें लढाऊ विमान. तें १९६३ सालीं दलांत आलें. नाशिकजवळ ओझर येथें त्याच्या बांधणीसाठीं कारखाना उभा राहिला. इंजिनें ओरिसांतील कोरापूट येथें होऊं लागलीं. प्रारंभींचीं मिग-२१ विमानें उघड्या धातूच्या रूपांतच उडत, व १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतील अनेकांवर लपण्याचे रंग चढले. तेव्हां महाराष्ट्रांतील विद्यार्थ्यानें धातूच्या कांतीचा पहिला पाठ गिरवावयाचा तर तो याच विमानावर गिरवावा, हें उचित होईल. पुढील विवेचन आम्हीं मिग-२१ च्या १/७२ प्रमाणांतील प्रतिकृतीस धरून केलें आहे; इतर विमानांसही तें लागू पडेल.

आधीं पाहावें, मग रंगवावें

बाटली उघडण्यापूर्वीं विमानाचीं शक्य तितकीं छायाचित्रें जमवावीं. दिल्लीजवळ पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयासारख्या ठिकाणीं जाण्याचा योग आला तर प्रत्यक्ष विमान पाहावें, व पाहतांना स्वतःस तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न असा कीं, कोणता भाग धातूचा आहे व कोणता नाहीं? मिग-२१ च्या नाकांत जो टोंकदार शंकु दिसतो, त्याच्या आंत रडार असतें. धातूंतून रडारच्या लहरी पार जात नाहींत, म्हणून तो शंकु धातूचा करून चालत नाहीं. तो निराळ्या पदार्थाचा असून त्यावर बहुधा हिरवा रंग असतो. शेपटाच्या उभ्या पंखाचें टोंकही अशाच कारणानें निराळें असतें. चाकांच्या मधल्या तबकड्याही हिरव्या दिसतात. हे भाग चंदेरी केले तर काम कितीही सफाईचें असलें तरी तें चुकीचेंच ठरेल. इतर विमानांत निराळे प्रकार आढळतात. महायुद्धांतील मस्टँग विमानाचें धड उघड्या धातूचें असे, पण पंखांवरील सांधे लांबीनें बुजवून त्यांवर अल्युमिनियमचा रंग दिलेला असे. म्हणजे एकाच विमानावर खरा धातु व धातूचा रंग हीं दोन्ही नांदत होतीं, आणि दोहोंची कांति निराळी होती.

दुसरा प्रश्न, धातु कितपत चकाकतो? प्रवासी कंपन्यांचीं कांहीं विमानें वारंवार घांसून आरशासारखीं ठेवीत. ऊन, पाऊस व धूळ सोशीत उघड्या मैदानावर उभें राहणारें लढाऊ विमान तसें राहत नाहीं. त्यावर एक मंद, राखट छाया येते. तिसरा प्रश्न, सर्व पत्रे एकसारखे दिसतात काय? थोडें निरखून पाहिलें कीं लक्षांत येतें, ते तसे दिसत नाहींत. मिश्रधातु निराळा, पत्रा लाटतांना त्याची दिशा निराळी, जाडी निराळी, दुरुस्तींत बसविलेला एखादा पत्रा तर अगदींच नवा. या तीन प्रश्नांचीं उत्तरें वहींत टिपून ठेवावीं. विमानाची बाह्याकृति काढून तींत कोणत्या जागीं कोणती छटा आहे हें पेन्सिलीनें लिहिलें, तर पुढें फार उपयोग होतो.

मापाचें गणित

मिग-२१ च्या पंखांचा एकूण विस्तार सुमारें ७.१५ मीटर आहे. १/७२ प्रमाणांत तो १० सेंटिमीटरांहून किंचित् कमी होतो. विमान ७२ पट लहान झालें, परंतु धूळ, केंस व रंगांतील कण हे कांहीं लहान झाले नाहींत, ही गोष्ट विद्यार्थी विसरतात. डोक्याचा केंस सुमारें ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तो ओल्या रंगांत पडला तर प्रतिकृतीच्या हिशेबानें ५ मिलिमीटर जाडीचा दोर विमानावर पडल्यासारखें होतें. काचकागदाचा ०.१ मिलिमीटर रुंदीचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर ७ मिलिमीटरांची चर. चंदेरी रंगांत अल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्यांतील एखादी ०.०३ मिलिमीटर असेल तर ती प्रतिकृतीवर २ मिलिमीटरांहून मोठ्या खड्यासारखी भासते. भिंतीसाठीं किंवा लोखंडी गजांसाठीं विकला जाणारा चंदेरी रंग प्रतिकृतीवर रेताड दिसतो, याचें कारण हेंच. म्हणून प्रतिकृतींसाठीं मुद्दाम बनविलेले, अतिसूक्ष्म चकत्यांचे रंगच घ्यावे. आल्क्लॅड टू, व्हॅलेहोचे मेटल कलर, मिस्टर कलरचे सुपर मेटॅलिक इत्यादि प्रकार या कामासाठीं वापरण्यांत येतात. त्यांची किंमत अधिक आहे. परंतु एका प्रतिकृतीस रंग फारच थोडा लागत असल्यामुळें एक बाटली पुष्कळ दिवस पुरते.

पूर्वतयारी

प्रतिकृतीचे भाग पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते सांच्यांतून सहज सुटावे म्हणून सांच्यास कधीं कधीं तेलकट पदार्थ लावितात, व त्याचा अंश भागांवर राहतो. म्हणून जोडणीपूर्वीं सर्व भाग कोमट पाण्यांत साबणानें धुऊन वाळवावे. फार गरम पाणी वापरूं नये. भाग वांकडे होतात.

धडाचे दोन अर्धभाग जोडल्यावर मध्यें जो सांधा राहतो, तो या कामांतील मुख्य शत्रु होय. खऱ्या विमानाच्या पाठीवर तेथें फट नसते. सांध्यांत लांबी भरावी, ती पुरती वाळूं द्यावी, आणि नंतर पाण्यांत भिजवून वापरावयाचा काचकागद, ज्यास दुकानदार वॉटर पेपर म्हणतात, त्यानें घांसावी. प्रथम ४०० अंकाचा, मग ६००, मग १०००, मग २००० अंकाचा, असा चढता क्रम ठेवावा. अंक जितका मोठा तितके कण बारीक. प्रत्येक पुढच्या कागदाचें काम मागच्या कागदाचे ओरखडे काढणें एवढेंच आहे. मधली पायरी गाळली तर खोल ओरखडे तसेच राहतात, व धातूचा रंग चढला कीं ते पुन्हां हजर होतात. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या बारीक रेघा घांसण्यांत बुजल्या असतील, त्या सुईनें हलकेच पुन्हां कोराव्या.

परीक्षा डोळ्यांनीं करावी व बोटांनींही करावी. खिडकीजवळ उभें राहून प्रतिकृति तिरपी धरावी व प्रकाश तिच्यावरून सरकूं द्यावा. ज्या जागीं उजेडाची रेघ मोडते त्या जागीं खळगा किंवा उंचवटा आहे असें समजावें. यानंतर नुसत्या बोटांनीं प्रतिकृतीस स्पर्श करूं नये. कातडीचें तेल दिसत नाहीं, पण रंगास तें बरोबर सांपडतें.

काळें अस्तर

आतां एक गोष्ट सांगतों, ती प्रथम ऐकणारास उलटी वाटेल. चकचकीत अल्युमिनियमची कांति हवी असेल तर खालीं चकचकीत काळ्या रंगाचें अस्तर द्यावें लागतें. उजळ वस्तूखालीं काळें कां, याचें कारण प्रकाशशास्त्रांत आहे. धातूच्या रंगाचा थर अत्यंत पातळ असतो. पडलेल्या प्रकाशाचा बराचसा भाग चकत्यांवरून आरशाप्रमाणें परततो, पण कांहीं प्रकाश चकत्यांमधून खालीं उतरतो. खालीं पांढरें अस्तर असेल तर हा उतरलेला प्रकाश चहूंकडे पांगून वर येतो आणि सर्व रंग खडूसारखा फिका करितो. खालीं काळें असेल तर तो प्रकाश तेथेंच गिळला जातो. वर येतो तो केवळ चकत्यांवरून परतलेला शुद्ध झोत, व आपला डोळा त्यास धातु म्हणतो. दुसरें कारण असें कीं, चकचकीत अस्तर म्हणजे गुळगुळीत अस्तर; त्यावर चकत्या फरशीप्रमाणें आडव्या बसतात. खडबडीत अस्तरावर त्या वेड्यावांकड्या उभ्या राहतात, व प्रकाश नीट परतत नाहीं.

मिग-२१ सारख्या मंद कांतीच्या विमानास सर्वत्र काळें अस्तर देण्याचें कारण नाहीं. धडाच्या कांहीं भागांस करडें अस्तर दिलें तर तेथील धातु आपोआप मवाळ दिसतो. अस्तर हेंच छटा ठरविण्याचें पहिलें साधन आहे.

अस्तराचे दोन-तीन पातळ हात द्यावे. एकच जाड हात दिला तर रंग कडांशीं सांचतो व रेघा बुजवितो. आणि मग थांबावें. येथें उतावळ्या मनाची खरी परीक्षा होते. तैलयुक्त एनॅमलचें अस्तर वरून कोरडें लागलें तरी आंतून कित्येक दिवस ओलसर असतें. अशा अस्तरावर लॅकरचा हात पडला तर खालचा थर फुगतो, आणि पृष्ठभागावर उन्हाळ्यांतील तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडतात. याची साधी कसोटी अशी: प्रतिकृति नाकाशीं न्यावी, रंगाचा वास अजून येत असेल तर ती परत ठेवावी. ड्युराल्युमिनला जशी स्वस्थ पडून राहण्यानें बळकटी आली, तशी अस्तरासही येते. त्या दिवसांत आकृतीची वही पूर्ण करावी.

धातूचा हात

धातूचा रंग हवेच्या दाबानें उडवावा लागतो. त्यासाठीं एअरब्रश नांवाची लेखणीसारखी पिचकारी मिळते. लॅकरच्या जातीच्या धातुरंगांस दाब कमी पुरतो. सुमारें १२ ते १५ पौंड दर चौरस इंच. पिचकारी पृष्ठभागापासून दोन-तीन इंचांवर धरावी, हात सतत हलता ठेवावा, आणि फवारा प्रतिकृतीच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा. पहिल्या हातानें काळें अस्तर नुसतें धुरकट दिसूं लागेल. निराश होऊं नये. दुसऱ्या-तिसऱ्या हातांत धातु हळूहळू उमटतो. तो उमटला कीं हात आवरावा. अधिक रंग म्हणजे अधिक चमक, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. थर जाड झाला कीं चकत्या एकमेकींवर चढतात व कांति मरते. मुख्य प्रतिकृतीवर हात टाकण्यापूर्वीं प्लॅस्टिकच्या जुन्या चमच्यावर प्रयोग करावा. चमच्याची पाठ विमानाच्या धडासारखीच गोल असते, म्हणून तो उत्तम शिक्षक आहे.

नंतर निरनिराळ्या पत्र्यांच्या छटा. वहींत टिपलेले पत्रे चिकटपट्टीनें वेगळे करून त्यांवर किंचित् गडद किंवा किंचित् उजळ धातुरंगाचा एखादा पुसट हात द्यावा. चिकटपट्टी आधीं कांचेवर दोन-तीनदां लावून काढावी. तिचा चिकटपणा कमी झाला म्हणजे ती खालचा रंग उचलून नेत नाहीं. काढतांना ती उभी ओढूं नये. स्वतःवरच दुमडून सावकाश मागें न्यावी. छटांतील भेद इतकाच असावा कीं, प्रतिकृति प्रकाशांत फिरविली असतां तो दिसावा व स्थिर ठेविली असतां लपावा. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें काळे-पांढरे चौकोन करण्याचा मोह अनेकांस पडतो. पण असें विमान कोणीं पाहिलें आहे?

झोताचें तोंड

विमानाच्या मागील टोंकास इंजिनाचा तप्त झोत बाहेर पडतो. तेथें अल्युमिनियम टिकत नाहीं. उष्णता सोसणारे पोलादाचे व तत्सम मिश्रधातु वापरावे लागतात, आणि ते तापून रंग पालटतात. लोहार छिन्नीस पाणी देतांना जे रंग पाहतो, तेच हे रंग. साधें घांसलेलें पोलाद तापवीत नेलें तर सुमारें २२० अंश सेंटिग्रेडला तें गवती पिवळें होतें, मग तपकिरी, मग जांभळें, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळें. पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पडद्याची जाडी वाढत जाते, व त्या जाडीप्रमाणें प्रकाशांतील निरनिराळे रंग नाहींसे होतात. साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात त्यांचें कारणही असेंच आहे. अमेरिकेच्या एफ-१०० विमानाचा मागचा भाग या जळक्या रंगांसाठीं प्रसिद्ध आहे. मिग-२१ वर हे रंग इतके भडक नसतात. झोताच्या तोंडाशीं गडद पोलादी छटा देऊन तिच्यावर पारदर्शक तपकिरी व निळ्या रंगाचा अगदीं पुसट श्वास टाकावा, म्हणजे पुरे. क्रम मात्र चुकूं देऊं नये. निळा रंग अधिक उष्णतेचा, म्हणून तो तोंडाच्या जवळ; पिवळा कमी उष्णतेचा, म्हणून तो दूर.

ज्यांच्यापाशीं पिचकारी नाहीं

एअरब्रश व त्यास हवा पुरविणारें यंत्र प्रत्येकास परवडेल असें नाहीं, म्हणून दुसरा मार्गही सांगतों. स्वयंपाकघरांत पोळ्या गुंडाळावयास अल्युमिनियमचा जो वर्ख वापरतात, तो सुमारें ०.०१६ मिलिमीटर जाड असतो. ७२ पटींच्या हिशेबानें हा पत्रा १ मिलिमीटरांहून थोडा जाड झाला. म्हणजे माप जवळजवळ बरोबर बसतें. वर्खाच्या मंद बाजूस पातळ गोंदाचा हात द्यावा, गोंद चिकट परंतु ओला नाहीं अशा स्थितींत आला कीं वर्खाचा तुकडा एका पत्र्याच्या आकाराहून थोडा मोठा कापून प्रतिकृतीवर ठेवावा, आणि कापसानें मधून कडांकडे दाबीत न्यावा. नंतर नव्या पात्यानें पत्र्याच्या रेघेवरून जादा भाग कापावा. पात्याचें काम वडील माणसाच्या देखत करावें. एकेक पत्रा असा बसवीत जावें. एका तुकड्यास उभें व दुसऱ्यास आडवें घांसलें तर छटांचा भेद आपोआप उत्पन्न होतो. काम कष्टाचें आहे, गोलाईवर सुरकुत्या पडूं न देणें कठीण आहे. पण हा खरा अल्युमिनियम आहे, आणि खऱ्याची बरोबरी रंगास करवत नाहीं. येथेंही खालचा पृष्ठभाग निर्दोष हवाच. वर्खाखालीं धुळीचा एक कण राहिला तरी तो डोंगरासारखा दिसतो.

चिन्हें व शेवटचा हात

हवाई दलाचें वर्तुळ बाहेर केशरी, मध्यें पांढरें व आंत हिरवें असतें. हीं चिन्हें पाण्यांत भिजवून कागदावरून सरकवावयाचीं असतात. गुळगुळीत पृष्ठभागावर तीं चांगलीं बसतात. खडबडीत पृष्ठभागावर त्यांच्याखालीं हवा अडकते व कडेस पांढुरकी झांक येते. सर्व प्रतिकृतीवर वार्निश चढविण्याची घाई करूं नये. बहुतेक वार्निशांनीं धातूची कांति मंदावते. चिन्हांच्या जागींच पाण्यांत मिसळणाऱ्या पारदर्शक वार्निशचा पातळ हात पुरतो. पत्र्यांच्या रेघांत पातळ करड्या रंगाचें पाणी सोडावें. काळें सोडल्यास विमान पिंजऱ्यासारखें दिसतें. हिरवा शंकु, चाकें व कांच हे भाग सर्वांत शेवटीं बसवावे.

पालकांस दोन शब्द

लॅकर व त्याचे द्रावक यांची वाफ आरोग्यास अपायकारक असून ती चटकन् पेट घेते. हें काम बंद खोलींत, स्वयंपाकघरांत किंवा जळता दिवा, स्टोव्ह वा उदबत्ती यांच्याजवळ कधींही होऊं देऊं नये. खिडक्या उघड्या असाव्या, घरांतील लहान मुलें दूर असावीं, व काम करणाऱ्यानें कोळशाची गाळणी असलेला मुखवटा बांधावा. तोंडास रुमाल बांधल्यानें वाफ अडत नाहीं. ज्या घरांत ही व्यवस्था होत नसेल तेथें पाण्यांत मिसळणारे धातुरंग किंवा वर्ख यांवरच समाधान मानावें. त्यांनींही सुंदर काम होतें. एवढी काळजी घेतल्यावर मात्र मुलाचा वेळ फुकट गेला असें समजूं नये. या एका कामांत त्यानें प्रकाशाचा धडा, धातूंचा धडा व प्रमाणाचें गणित हीं तिन्ही हातांनीं शिकलेलीं असतात.

समारोप

मिग-२१ विमानें २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंडीगड येथें समारंभपूर्वक निवृत्त झालीं. १९६३ पासून बासष्ट वर्षें त्यांनीं देशाचें आकाश राखलें, आणि त्या काळांत अपघातांत व युद्धांत अनेक तरुण वैमानिकांचे प्राणही गेले. पुढील पिढीस तीं चौथऱ्यांवर उभीं असलेलीं, संग्रहालयांत ठेविलेलीं, किंवा कोणा विद्यार्थ्याच्या टेबलावर दहा सेंटिमीटर पंखांनीं बसलेलींच दिसतील. म्हणून ही प्रतिकृति केवळ शोभेची वस्तु राहत नाहीं. ती एक लहानशी साक्ष होते, आणि साक्ष खरी असली पाहिजे. प्रदर्शनांत बक्षीस मिळावें म्हणून राखट विमानास आरशाची चकाकी देणें, किंवा सांधा न घांसतां त्यावर चिन्ह चिकटवून तो लपविणें, यांत परीक्षक कदाचित् फसतील. करणारा स्वतः मात्र फसत नाहीं.

वरून कीर्तन व आंतून तमाशा, अशी आपल्याकडे म्हण आहे. इतर रंगांखालीं असा तमाशा पुष्कळ दिवस खपून जातो. धातूच्या कांतीखालीं तो एक दिवसही खपत नाहीं. विद्यार्थीमित्रांनो, ज्या कामांत वरचा थर खालच्या थराची लबाडी झांकण्यास साफ नकार देतो, असें काम हातास लागणें हें तुमचें भाग्यच समजा. सांधा घांसा, अस्तर वाळूं द्या, आणि प्रतिकृति खिडकीशीं नेऊन प्रकाशांत सावकाश फिरवा. उजेडाची रेघ नाकापासून शेपटापर्यंत न मोडतां गेली, तर तुमचें काम झालें.